दुकानाच्या संगणकाला किती वेगाची एसएसडी हवी?

मोमिनपुऱ्यात लग्नपत्रिका करून देणारे एक दुकान आहे. उर्दू मजकूर मालक स्वतः इनपेजवर जुळवतात. मराठी-हिंदीचे काम आणि सजावट त्यांचा मुलगा कोरलड्रॉवर करतो. मागच्या लग्नसराईत त्यांच्या संगणकाने नाकी नऊ आणले. बंद पडला असता तर दुरुस्तीला तरी टाकला असता. तो चालत होता, पण सकाळी बटण दाबले की विंडोज उघडेपर्यंत चहा पिऊन होई. समोर मुलीचे वडील बसलेले, एका नावातली चूक दुरुस्त करायची, आणि फाइल उघडेपर्यंत दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहायचे, असा प्रकार दिवसातून दहा वेळा. त्यात दोन गिऱ्हाइके उठून दुसऱ्या दुकानात गेली.

दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले, हार्ड डिस्क काढा आणि एसएसडी बसवा. मालक बर्डीवर चौकशीला गेले. काउंटरवरच्या पोराने तीन डब्या पुढे मांडल्या आणि म्हणाला, "चाचा, ही पाचशेवाली, ही साडेतीन हजारवाली आणि ही सात हजारवाली. घ्यायचीच तर सात हजारवाली घ्या, बाकीच्यांचा जमाना गेला." मालकांना वाटले हे रुपये आहेत, आणि त्यांनी आनंदाने पाचशेवालीला हात घातला! ते आकडे वेगाचे होते. खरे भाव ऐकल्यावर तिन्ही डब्या तिथेच ठेवून ते परत आले आणि आम्हाला म्हणाले, "सराईची कमाई बाजूला ठेवली आहे. कागद कापायचे मशीनही बदलायचे आहे. इथे जास्त घातले तर ते राहून जाते. खरे काय ते सांगा."

हाच प्रश्न आमच्या पुष्कळ वाचकांपुढे असणार. कुणाकडे टॅलीवर हिशेब चालतो, कुणाकडे भरतकामाचे डिझाइन संगणकावर तयार होते, कुणी लग्नाचे व्हिडिओ जोडतो. म्हणून या विषयाची चौकशी आम्ही जरा खोलात जाऊन केली.

तबकडी आणि चिप

हार्ड डिस्क म्हणजे फिरणारी तबकडी. टेबलावरच्या संगणकातली चांगली डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. तबकडीवरून एक बारीक दांडी पुढेमागे सरकते आणि हवा तो मजकूर खाली येईपर्यंत थांबते. एक तुकडा शोधायला साधारण १० ते १५ मिलिसेकंद लागतात. ऐकायला हे काहीच नाही, पण हिशेब केला तर सेकंदात शंभराच्या आसपासच तुकडे हाती लागतात. विंडोज सुरू होताना, टॅली उघडताना, फॉन्टची यादी भरताना संगणकाला असे हजारो लहान लहान तुकडे वेगवेगळ्या जागांवरून लागतात. गोदामात एकच हमाल आहे आणि तो प्रत्येक फेरीत एकच नग आणतो, अशी ती स्थिती.

एसएसडीत फिरणारे काही नसते. त्यात चिप असतात. ज्या नँड फ्लॅश स्मृतीवर त्या चालतात, ती जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली जगापुढे मांडली. तिथे एक तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात किंवा त्याहूनही लवकर मिळतो. माल गोदामात नाही, हाताजवळच्या खणात आहे, इतका हा फरक. १९९१ साली सनडिस्क, म्हणजे पुढची सॅनडिस्क, या कंपनीने एसएसडी विकायला काढली तेव्हा ती अवघ्या २० एमबीची होती आणि किंमत सुमारे १००० डॉलर. कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक, संजय मेहरोत्रा, जन्माने कानपूरचे. आज दुकानात सहज मिळणारी ५०० जीबीची एसएसडी तिच्या पंचवीस हजार पट मोठी आहे.

तेव्हा ज्यांच्या संगणकात अजून हार्ड डिस्कवरूनच विंडोज सुरू होते, त्यांनी ती बदलून नामांकित कंपनीची कोणतीही एसएसडी बसवावी, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. मात्र आधी एक गोष्ट पाहावी. संगणकात रॅम ४ जीबीच असेल तर ती ८ करून घ्यावी, नाहीतर रॅमची उणीव एसएसडीला भरून काढावी लागते आणि निम्मा फायदा तिथेच जातो.

सात हजार कशाचे?

आता त्या तीन डब्यांकडे येऊ. पहिली साटा जातीची. साटाची तार सेकंदाला साधारण ५५० एमबीपेक्षा जास्त मजकूर वाहू शकत नाही, मग आतल्या चिप कितीही चपळ असोत. या मर्यादेतून सुटण्यासाठी एनव्हीएमई ही नवी पद्धत २०११ साली ठरली. तिच्यात एसएसडी थेट मदरबोर्डच्या पीसीआयई मार्गाला जोडली जाते. या मार्गाच्या तिसऱ्या पिढीत वेग ३५०० एमबीपर्यंत, चौथीत सात-साडेसात हजारांपर्यंत आणि पाचवीत चौदा हजारांच्याही पुढे जातो. कंपन्यांचे जाहीर आकडे पाहिले तर सॅमसंगच्या ८७० इव्होचा वाचण्याचा वेग ५६०, ९७० इव्हो प्लसचा ३५०० आणि ९९० प्रोचा ७४५०. हे आकडे खोटे नाहीत. पण ते कोणत्या कामाचे आहेत, हे डबीवर ठळक लिहिलेले नसते.

एकच मोठी फाइल सलग वाचली तर हा वेग मिळतो. दुकानातले रोजचे काम तसे नसते. चार-चार केबीचे सुटे तुकडे एकामागून एक मागितले तर हार्ड डिस्क सेकंदाला अर्धा एमबीही धड देत नाही. साटा एसएसडी ३० ते ४० एमबी देते. चांगली एनव्हीएमई ६० ते ९० देते. म्हणजे तबकडीवरून साटावर आलात की जवळजवळ शंभर पट, आणि साटावरून महागड्या एनव्हीएमईवर गेलात की दुप्पट किंवा थोडे जास्त. त्यातही विंडोज सुरू होताना निम्मे काम प्रोसेसरचे असते, ते एसएसडीने घटत नाही. त्यामुळे साटावर जो संगणक पंधरा-वीस सेकंदांत तयार होतो, तो सात हजारवालीवर दोन-चार सेकंद आधी तयार होईल. टॅलीत बिल करणाऱ्याला, इनपेजमध्ये पत्रिका उघडणाऱ्याला हा फरक जाणवणारही नाही.

इथे आपल्या शहरातली एक गोष्ट आठवते. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने सांगितले की ते यंत्र बिघडलेले होते. ऊन त्या दिवशी होतेच, पण आकडा तेवढा नव्हता. एसएसडीचा आकडा पाहताना आम्ही हेच ध्यानात ठेवतो. क्रिस्टलडिस्कमार्क हा फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. तो चालवला की वरच्या ओळीत सलग वेग दिसतो आणि सर्वांत खालच्या ओळीत सुट्या तुकड्यांचा. दुकानदार वरची ओळ दाखवतो. तुम्ही खालची पाहा.

व्हिडिओवाल्यांचे गणित वेगळे

लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्या आमच्या काही मित्रांचे म्हणणे, वेग आम्हालाच हवा. ते खरे आहे, पण किती हवा हे मोजले पाहिजे. फोर-के चित्रीकरण सेकंदाला १०० मेगाबिटने होत असेल तर ते १२.५ एमबी झाले. तीन कॅमेरे एकदम जुळवले तरी ३८ एमबीच्या आत. अगदी ४०० मेगाबिटचे चित्रीकरण तिन्ही कॅमेऱ्यांवर असले तरी १५० एमबी, जे साटाही पुरवू शकते. शेवटी व्हिडिओ तयार होताना जो वेळ जातो तो बहुतेक प्रोसेसर आणि ग्राफिक कार्डाचा.

मग अडते कुठे? कार्ड उतरवताना. कॅमेऱ्यातली नेहमीची यूएचएस-१ जातीची कार्डे सेकंदाला १०४ एमबीच्या मर्यादेत बांधलेली आहेत, हातात ९० पडतात. ६४ जीबीचे भरलेले कार्ड उतरवायला बारा मिनिटे लागणार, मग समोर पाचशेवाली असो की सात हजारवाली. आणि कार्ड रीडर जुना यूएसबी २ चा असेल तर वेग ३५-४० एमबीवर येतो आणि तेच कार्ड अर्धा तास खाते. आम्ही पाहिलेल्या एका स्टुडिओत नेमके हेच होते: नवी कोरी एनव्हीएमई आणि तिला मजकूर पुरवायला खोक्याच्या पुढच्या बाजूच्या जुन्या यूएसबीत खोचलेला रीडर. रीडर बदलायला लागणारी रक्कम किरकोळ होती. ती वाचवून त्यांनी एसएसडीवर हजारो रुपये घातले होते.

या मंडळींनी वेगापेक्षा एक दुसरी गोष्ट विचारावी: चिप टीएलसी आहेत की क्यूएलसी? टीएलसीच्या एका कोशात तीन बिट मावतात, क्यूएलसीत चार. क्यूएलसी त्यामुळे स्वस्त पडते, पण लिहायला संथ असते. कंपन्या हे झाकण्यासाठी थोडी जागा जलद लिहिण्यासाठी राखून ठेवतात. ती भरेपर्यंत सगळे छान चालते, ती भरली की खरा वेग उघडा पडतो. सॅमसंगने आपल्या ८७० क्यूव्हीओ या १ टीबीच्या एसएसडीबद्दल स्वतःच सांगितले आहे की राखीव जागा भरल्यावर लिहिण्याचा वेग सेकंदाला ८० एमबीवर येतो. म्हणजे जुन्या हार्ड डिस्कपेक्षाही कमी! बिलांच्या दुकानात ही वेळ येणार नाही, कारण एका दमात चाळीस-पन्नास जीबी तिथे कोण लिहितो? पण एका वलीम्याचे दोनशे जीबी उतरवणाऱ्याला ती हमखास येईल. आमच्या मते व्हिडिओवाल्यांसाठी साडेतीन हजारांच्या वर्गातली, टीएलसीची आणि आकाराने मोठी एसएसडी योग्य. सात हजारांसाठी जे जादा मोजायचे, त्यात जागा वाढवून घ्यावी.

आयुष्याचा हिशेब

प्रत्येक एसएसडीला लिहिण्याची मर्यादा असते आणि हमीपत्रात ती टीबीडब्ल्यू म्हणून दिलेली असते, म्हणजे एकूण किती टेराबाइट लिहीपर्यंत कंपनी जबाबदार. १ टीबीच्या ८७० इव्होला, ९७० इव्हो प्लसला आणि ९९० प्रोला हा आकडा सारखाच आहे, ६०० टीबी. मोठा वेग घेतला म्हणून आयुष्य वाढत नाही, हे यावरून समजावे. उलट क्रुशियलच्या पी३ या स्वस्त एनव्हीएमईला १ टीबीत २२० टीबी एवढीच मर्यादा होती.

पत्रिकेच्या दुकानात रोज २० जीबी लिहिले जाते असे धरा, खरे तर ते कमीच असेल. वर्षाचे ७.३ टीबी झाले. २२० टीबी संपायला तीस वर्षे लागतील. स्टुडिओत सराईचे दीडशे दिवस रोज ३०० जीबी लिहिले तर वर्षाला ४५ टीबी. तिथे २२० वाली पाच वर्षांतच मर्यादेला टेकते आणि ६०० वाली तेरा वर्षे पुरते. भाव विचारताना किमतीला टीबीडब्ल्यूने भागून पाहण्याची सवय स्टुडिओवाल्यांनी लावून घ्यावी. बाकीच्यांनी किमतीला जीबीने भागले तरी पुरे.

भावाचे म्हणाल तर आज दिलेला आकडा महिन्याभरात शिळा होतो. २०२३ साली भाव बरेच उतरले होते. २०२५ च्या अखेरीस मोठमोठ्या एआय डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि चिपचे भाव जोरात चढले. दोन दुकाने फिरल्याशिवाय सौदा करू नये, एवढेच सांगतो. आणि ऑनलाइन कुठे १६ टीबीची पोर्टेबल एसएसडी हजार-दोन हजारांत दिसली तर तिकडे फिरकूही नये. अशा डब्या उघडल्यावर आत एक साधे मेमरी कार्ड निघाल्याची उदाहरणे जगभर झाली आहेत. ती संगणकात १६ टीबी दाखवते, खऱ्या जागेपुढचा मजकूर मात्र गुपचूप नाहीसा होतो.

घेण्याआधी झाकण उघडा

मोमिनपुऱ्याच्या आमच्या मित्राचा संगणक आम्ही त्यांच्या दुरुस्तीवाल्याकडून उघडवून पाहिला. मदरबोर्डवर एनव्हीएमईसाठी लागणारी एम.२ ची खाचच नव्हती! ती सात हजारवाली घरी आणली असती तर ती बसवायची कुठे, हाच प्रश्न पडला असता. खाच असली तरी दोन गोष्टी विचाराव्यात. काही खाचा दिसायला एम.२ असतात पण त्यांच्यावर साटाच चालते. आणि इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतच्या नेहमीच्या संगणकांत पीसीआयईची तिसरीच पिढी आहे. सात हजारवाली तिथे चालेल, पण साडेतीन हजारांनी. पैसे मात्र सात हजारांचेच गेलेले असतील. फारच जुन्या बोर्डावर साटाचाही अर्धा वेग मिळतो, तरीसुद्धा हार्ड डिस्कपेक्षा ती कितीतरी बरी.

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली, हेही मनात असू द्यावे. ज्या संगणकावर विंडोज ११ चालत नाही, त्यात महागडे काही घालण्यात अर्थ नाही. साटा एसएसडी निदान काढून दुसऱ्या संगणकात लावता येते.

इतवारी-गांधीबागेतल्या मोठ्या दुकानांत टॅली एका संगणकावर असते आणि दोन-तीन काउंटर तारेने तिला जोडलेले असतात. तिथे मधला स्विच जुना, १०० मेगाबिटचा असेल तर सेकंदाला ११-१२ एमबीच पलीकडे जातात. मुख्य संगणकात चौदा हजारवाली बसवली तरी काउंटरवरचा मुलगा तसाच ताटकळत बसणार. आधी स्विच पाहा.

जाते तेव्हा आवाज करत नाही

हार्ड डिस्क मरायच्या आधी बहुधा खरखरते, अडखळते, जाणत्या कारागिराला इशारा मिळतो. एसएसडी पुष्कळदा काल संध्याकाळपर्यंत ठीक असते आणि आज सकाळी दिसतच नाही. चुकून पुसलेली फाइलही हार्ड डिस्कवरून परत काढता येई. एसएसडी पुसलेली जागा थोड्याच वेळात स्वतःच साफ करून टाकते, मग ती फाइल कुणी परत आणू शकत नाही. मोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेले नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात एचपी एंटरप्राइज कंपनीने आपल्या ग्राहकांना कळवले की सर्व्हरसाठी विकलेल्या काही एसएसडी आतल्या प्रोग्राममधल्या चुकीमुळे ३२,७६८ तास चालल्या की, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तासांनी, कायमच्या बंद पडतील आणि मजकूरही परत मिळणार नाही. एकाच दिवशी दोन बसवल्या असतील तर दोन्ही एकाच दिवशी जाणार! म्हणून दुसरी प्रत वेगळ्या जातीच्या, वेगळ्या कंपनीच्या डिस्कवर ठेवावी.

केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावा लागतो. एसएसडी गेली ही सबब तिथे चालेल, या भरवशावर कुणी राहू नये.

प्रत ठेवायला मात्र एसएसडी नको, तिथे हार्ड डिस्कच बरी. यात आपल्या नागपूरच्या उन्हाचा संबंध येतो. वीज न मिळता पडून राहिलेल्या चिपमधला मजकूर हळूहळू विरतो आणि उष्णतेने लवकर विरतो. जेडेक या मानके ठरवणाऱ्या संस्थेचा दंडक असा की लिहिण्याची मर्यादा गाठलेल्या साध्या एसएसडीने ३० अंशांत एक वर्ष मजकूर टिकवावा. तापमान दर पाच अंशांनी चढले की ती मुदत साधारण निम्मी होते. नवी एसएसडी याहून कितीतरी जास्त टिकते, पण मे महिन्यात पत्र्याखालच्या बंद कपाटात ३० अंश कुठले? चालू संगणकातल्या एसएसडीला त्याची एवढी भीती नाही, ती ७० अंशांपर्यंत चालावी अशीच बनवलेली असते. फक्त वेगवान एनव्हीएमई फार तापली की स्वतःच वेग कमी करते. म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात, भट्टीसारख्या दुकानात, सात हजारांचा आकडा सलग कामात तसाही टिकत नाही. खोक्याचा पंखा साफ ठेवावा. आणि अचानक वीज गेली तर लिहिता लिहिता फाइल बिघडते, तेव्हा यूपीएसची मेलेली बॅटरी बदलून घ्यावी.

आमच्या मित्राने शेवटी पाचशेवालीच घेतली, ५०० जीबीची, पाच वर्षांच्या हमीची. बिलावर तिचा सिरियल नंबर लिहून घेतला, कारण हमी त्यावरच मिळते. जुनी हार्ड डिस्क फेकली नाही. दुरुस्तीवाल्याने तिच्यावरचे सगळे जसेच्या तसे नव्या एसएसडीवर उतरवून दिले, तेव्हा इनपेजचे फॉन्ट पुन्हा बसवावे लागले नाहीत. रोजच्या प्रतीसाठी त्यांनी एक नवी बाहेरची हार्ड डिस्क घेतली आहे. रात्री शटर ओढायच्या आधी मुलगा दिवसभराच्या फाइली तिच्यावर उतरवतो आणि ती डिस्क घरी नेतो. विंडोज आता चहा मागवेपर्यंत उघडते. कागद कापायच्या मशीनचा बयाणा मालकांनी गेल्या आठवड्यात दिला.